वरची ढोली

दसरूच्या घरी तांदूळ मोजायला बांबूचं एक माप होतं. एका माणसाच्या पोटापुरतं. दर बाजाराच्या दिवशी गावचे लोक एटापल्लीच्या वाटेला लागले की दसरू ते माप काढायचा, मडक्यातून पाच वेळा भरून फडक्यात ओतायचा आणि ओतताना स्वतःशीच पुटपुटायचा, "चार त्यांची... एक आपलं." मग गाठ मारून पुरचुंडी खांद्याला लावायचा आणि बाजाराकडे पाठ करून जंगलात जायचा.

रंजीता त्याची सून. अंगणात भांडी घासता घासता ती बघायची.

"मामाजी, पाणी घेतलं का?"

"घेतलं बाई."

"लवकर या. लालसूबाबा म्हनते, नाल्यापाशी अस्वल फिरून राह्यलं."

"अस्वलाले माझ्यात काय भेटते? नुसती हाडं. त्याचेच दात दुखतीन."

एवढं बोलून तो जायचा. त्याचं घर गावातलं शेवटचं. त्यापुढे कुंपण, कुंपणापुढे सागाची झाडं, आणि आत अर्ध्या कोसावर एक जुना मोह. त्या मोहाच्या खोडाला दोन ढोल्या होत्या, एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छातीएवढ्या. दसरू तिथेच जायचा.

ही पायवाट लढाईच्या वर्षांत पडली. जंगलातल्या लोकांचा तेव्हा एक कमांडर होता. त्याचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. लोक म्हणायचे, हा माणूस बंदुकीपेक्षा चिठ्ठीने लढतो. कागदाची सुपारीएवढी घडी, वर पन्नीचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, तुकडा, आणि पन्नीचं तोंड काडीच्या जाळावर धरून चिकटवलेलं. चिठ्ठी उघडली की जळक्या पन्नीचा वास नाकात जायचा, आणि ज्याच्या हातात ती असे त्याचं तोंड कोरडं पडायचं.

चिठ्ठीत तीनच ओळी असत. पहिली, खबर. पोलीस ठाण्यातले लोक कुठपर्यंत आले, गावात कोण नवं दिसलं, ते कळवा. दुसरी, रसद. किती माणसांचा तांदूळ पाठवायचा, ते. तिसरी, कैदी. ही ओळ बहुतेक वेळा रिकामी असायची, आणि ती रिकामी असली की सगळ्या गावाच्या जिवात जीव यायचा. कमांडर दूरचा, तेलुगू मुलखातला. मराठी तो मोठेपणी शिकला होता. अक्षरांवर रेघ मात्र कधी ओढत नसे. त्याची अक्षरं दोरी तुटलेल्या मण्यांसारखी सुटी सुटी असत.

चिठ्ठ्या दसरू आणायचा, कारण त्याचं घर शेवटचं होतं आणि त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. वाचायचं काम रंजीताकडे आलं. ती सिंदेवाहीकडची, दहावी शिकलेली. दसरूचा मुलगा बिरजू तिकडे धानाच्या रोवण्याला मजुरीने गेला होता आणि परत येताना तिला घेऊन आला. तिला इकडची माडिया बोली उशिरा आली, म्हणून सासरा तिच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचा, आणि पुढे तीच त्या घराची भाषा होऊन गेली.

एकदा बिरजू कसल्याशा कार्डासाठी फोटो काढायला एटापल्लीला गेला. ठाण्यासमोरच्या टपरीवर त्याने चहा घेतला. कोणीतरी ते पाहिलं. तेवढंच पुरलं. चार दिवसांनी शेतातून त्याला उचलून नेलं, आणि पुढची चिठ्ठी रंजीतालाच वाचावी लागली.

"खबर: लवकर कळवू. रसद: पाच माणसांचा. कैदी: बिरजू, दसरूचा. चौकशी चालू आहे."

चार पहारेकरी आणि पाचवा बिरजू. तेव्हापासून पाच मापं.

पुढे पावसाच्या तोंडावर चकमक झाली आणि कमांडर मारला गेला. त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. कानाची पाळी तुटलेली होती, त्यावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही ओळखला. त्याची माणसं काही मेली, काही हत्यार टाकून बाहेर आली. बाहेर आलेल्यांना गावाने विचारलं, बिरजू कुठे आहे? ते म्हणाले, आमच्याकडे नव्हता. कैदी कुठे ठेवले ते कमांडरलाच माहीत.

लढाई संपली. रस्ता आला, टॉवर आला. बिरजू आला नाही, त्याचं हाडही आलं नाही.

दसरूने जेवण टाकलं. ताटापुढे बसायचा, भात चिवडायचा, उठायचा. अंगावरची कातडी सैल झाली. आणि मग एका दुपारी तो मोहाकडून भिजत आला. त्याच्या मुठीत एक कागद होता. पन्नी फाटून आत पाणी गेलेलं, शाई धुऊन गेलेली. नुसते निळसर डाग.

"वाच बाई," तो म्हणाला.

रंजीताने कागद उलटापालटा केला. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडाकडे पाहून कागदावर काही नाही असं म्हणणं तिच्याने झालं नाही.

"कैदी बरा आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी दसरू पोटभर जेवला.

मग ते चालूच राहिलं. तो बाजाराच्या दिवशी तांदूळ घेऊन जायचा आणि येताना कधी कधी कागद आणायचा. कोरा, मळका, चुरगळलेला. कुठून आणतो ते तिने विचारलं नाही. वानरं तांदूळ खात असतील, आणि म्हातारा वाऱ्याने उडालेले कागद उचलत असेल, असं तिने मनाशी धरलं होतं. ती कागद धरून वाचायची. कैद्याला खोकला होता, आता उतार आहे. कैदी म्हणतो, घराच्या मागच्या अंगाला छप्पर गळत असेल, पानं घाला. दुसऱ्या दिवशी दसरू शिडी लावून छपरावर चढला, आणि खरंच तिथे भोक निघालं.

"पाह्य," वरून ओरडला तो, "तिथी बसून बी त्याले दिसते!"

रंजीता खाली पदर तोंडाला लावून हसत होती. हसत होती की काय करत होती, ते तिलाच माहीत.

गावचा पेरमा लालसू एक दिवस तिच्याकडे आला. पेरमा म्हणजे देवाधर्माचं, मेल्यागेल्याचं बघणारा. दारात बसून त्याने तंबाखू मळली.

"पोरी, दगड बसवा."

त्या गावात माणूस गेला की वाटेच्या कडेला त्याच्या नावाचा उभा दगड बसवतात. गेलेला माणूस त्या दगडात येऊन राहतो.

"मामाजी नाई म्हनते, बाबा. जिता हाये म्हनते."

"जित्या मानसाचा दगड बसवला तर तो मरते, हे मले बी मालूम हाये. पन मेलेल्याचा नाई बसवला तर तो वनवन फिरते. आन त्याच्या मांगं हा बुढा बी फिरून राह्यला. एक दिवस तिथीच पडून राहीन."

लालसूचं बोलणं खरं व्हायला वेळ लागला नाही. थंडीच्या दिवसांत दसरू मोहाच्या वाटेवर पडला. गुराख्यांना सापडला तेव्हा अंग गार झालं होतं, पण पुरचुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती. रंजीताने रात्रभर शेक दिला. सकाळी डोळे उघडून त्याने पहिलं काय विचारलं, तर "तांदूळ सांडला तं नाई?"

तेव्हा तिने ठरवलं. आपण सुरू केलं ते आपणच बंद करायचं. नुसतं तोंडाने सांगून म्हाताऱ्याला पटणार नाही. खरी वाटेल अशी चिठ्ठी पाहिजे.

घरात कोणी नसताना ती लिहायला बसली. कमांडरच्या सवयीप्रमाणे अक्षरांवर रेघ न ओढता लिहिलं.

"खबर: काही नाही. रसद: आता नको. कैदी: मेला. दगड बसवा."

शेवटचा शब्द लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग घडी घातली, पन्नी गुंडाळली, काडी ओढली. तोच वास आला.

भर दुपारी ती मोहाकडे गेली. बिरजूला नेल्यापासून त्या झाडाजवळ ती पहिल्यांदाच जात होती. ऊन टळटळीत होतं, पण पाखरू बोलत नव्हतं. पायाखालची वाळकी पानं वाजली की तिला थांबावंसं वाटे, आणि ती थांबली की पानं आणखी एकदा वाजल्यासारखं वाटे. ती मान न वळवता पुढे गेली.

खालच्या ढोलीत तिने वाकून पाहिलं. आत लाल मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या कागद खातील, असं तिला वाटलं. म्हणून तिने वरच्या ढोलीत हात घातला. आत गार होतं. लाकूड खरखरीत असेल असं तिला वाटलं होतं, पण ते जात्याच्या खुंट्यासारखं गुळगुळीत लागलं. रोज हात लागून लागून होतं तसं. तिने चिठ्ठी आत सरकवली आणि झपाझप परत आली.

बाजाराच्या दिवशी दसरू काठी टेकत गेला. रंजीता दिवसभर दाराकडे बघत होती. ऊन कलल्यावर तो आला आणि त्याने मूठ उघडली.

कोरा कागद. वहीचं फाटकं पान.

"वाच बाई."

"मामाजी... ढोलीत हेच होतं? दुसरं काई नव्हतं?"

"नाई."

"वरच्या ढोलीत पाह्यलं?"

"वरच्यात काऊन पाहू?" दसरू म्हणाला. "खालची त्याहिची, वरची आपली. त्याहिनं द्याची चिठ्ठी खालच्यात. आपन त्याहिले द्याची ते वरच्यात. वरच्यात एकदा टाकली का आपन हात नाई घालाचा... असाच कायदा होता."

रंजीता घागर उचलून पाण्याला जाते म्हणाली आणि घागर कुंपणाशी ठेवून मोहाकडे पळाली. सूर्य सागाच्या शेंड्यावर होता. तिने वरच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला. बोटांनी चाचपलं, नखांनी खरवडलं.

ढोली रिकामी होती. आतून जळक्या पन्नीचा वास येत होता, आत्ताच कोणी काडी ओढल्यासारखा.

वानराने नेली असेल, ती स्वतःला म्हणाली. खारीने नेली असेल. घरी येईपर्यंत ती तेच म्हणत होती.

दसरू अजून कागद हातात घेऊन बसला होता. चुलीच्या उजेडात तो फार म्हातारा दिसला. रंजीता त्याच्यापुढे बसली, आणि तिच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"मामाजी, कोरा हाये हा. सारेच कोरे होते."

दसरूने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"...काय?"

"मले वाचता नाई येत बाई. पन कोऱ्या कागदाले कोरा म्हनता येते. पयला तेवढा ढोलीत भेटला होता, पान्यानं धुतलेला. बाकी मी शाळेच्या मांगून उचलून आनो. पोरं वह्या फाडून फेकते."

"मंग काऊन आनले?"

"तू वाचे तं तुझं तोंड उजळे. घरात तो बोलून राह्यला असं वाटे. म्हटलं, पोरीले बरं वाटून राह्यलं तं आपलं काय जाते."

"आन मी म्हटलं, तुमाले बरं वाटून राह्यलं..."

मग दसरूने हसायला तोंड उघडलं आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. रंजीताने त्याचे पाय धरले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "लालसूले सांग. दगड पाहून ठेव म्हना."

सगळं सांगून झालं होतं. वरच्या ढोलीतली चिठ्ठी तेवढी तिने सांगितली नाही. आता सांगून काय करायचं, असं तिला वाटलं.

दगड टेकडीपलीकडून आणायचा होता. गावचे तरणे गडी लाकडाच्या लांब बल्ल्या घेऊन गेले. दगड फार मोठा नव्हता, तरी उचलेना. चौघे लागले, सहा लागले, आठ लागले. बल्ल्या वाकल्या, खांदे सोलले.

"बिरजू जिता होता तवा बी असाच होता," एकजण धापा टाकत म्हणाला. "कामाच्या येळी जागचा हलेच ना!"

लोक हसले. लालसू हसला नाही. मेलेला राजी असला की दगड फुलासारखा हलका होतो, हे त्याला माहीत होतं. असा जड दगड त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने दारू शिंपडली, तांदूळ टाकले, बिरजूला हाका मारल्या. दगड इंच इंच सरकत नाल्यापर्यंत आला.

आणि नाल्यापाशी एकदम हलका झाला. इतका की पुढचे गडी तोल जाऊन पाण्यात पडले. त्याच क्षणी मोहाच्या बाजूने सगळी पाखरं उडाली. आवाज कसलाच झाला नव्हता. फक्त पाखरं उडाली आणि बराच वेळ आभाळात फिरत राहिली, खाली बसायला तयार होईनात.

"आला," लालसू म्हणाला. "पोरगा आला. चला."

दगड बसला. दसरूने त्याला हळद लावली, त्याच्यावरून हात फिरवला, आणि त्या दिवसापासून तांदळाचं माप आढ्याला खोचून ठेवलं. तो जेवायला लागला. बाजाराच्या दिवशी चक्क बाजारात जायला लागला. एकदा रंजीतासाठी काचेच्या बांगड्या घेऊन आला आणि म्हणाला, "तुझं वय काय झालं? कोनी चांगला असला तं सांग. मी बाप म्हनून उभा राहीन." रंजीता लाजली नाही, रागावली नाही. बांगड्या हातात चढवून बघत राहिली.

चैत लागला. मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं, पण त्या जुन्या मोहाखाली दसरूच्या घराचाच हक्क. दोघं उजाडताना तिथे पोचले. खाली फुलांचा पांढरा सडा पडला होता, गोड वासाने डोकं जड होत होतं. दसरू एका बाजूने वेचत होता, रंजीता दुसऱ्या.

वेचता वेचता ती खोडापाशी आली. मोहाच्या गोड वासात तिला दुसरा वास आला.

खालच्या ढोलीत सुपारीएवढी चिठ्ठी होती. पन्नी नवी, तोंड काडीने चिकटवलेलं. मुंग्या तिला वळसा घालून जात होत्या.

रंजीताने दाताने पन्नी फोडली. अक्षरांवर रेघ नव्हती. तिने स्वतः तसं लिहिलं होतं तेव्हा हात अडखळला होता, अक्षरं वाकडी आली होती. इथे एकही अक्षर अडखळलं नव्हतं.

"खबर: तुमच्या घरची चिठ्ठी मिळाली.

रसद: बंद करू नका. एका माणसाचा तांदूळ कमी करा, बाकीच्यांचा पाठवा.

कैदी: लिहिल्याप्रमाणे केलं."

तिला नाला आठवला. दगड आठवला, आधी जड आणि मग हलका. उडालेली पाखरं आठवली. नाल्यापर्यंत दगड का उचलला जात नव्हता, ते तिला कळलं.

"काय हाये बाई?" दसरू जवळ येऊन उभा होता. "चिठ्ठी हाये?"

तिने कागद मुठीत घट्ट धरला. मूठ झाकायला उशीर झाला होता. त्याने अक्षरं पाहिली होती. काळी, ठळक, ओळीने तीन.

"कोरा हाये मामाजी," ती म्हणाली. "शाळेमांगून... उडून आला असन."

दसरूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने आपला सुरकुतलेला हात तिच्या मुठीवर ठेवला आणि हलक्याने थोपटला.

"हो बाई," तो म्हणाला. "कोराच हाये."

टोपल्या अर्ध्याच भरल्या होत्या. ती दोघं तशीच घरी आली. रंजीताने चिठ्ठी चुलीत घातली आणि पूर्ण जळेपर्यंत तिथून हलली नाही. तिने ती कोणाला वाचून दाखवली नाही. सासऱ्याला तर नाहीच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती अंगणात भांडी घासत होती. आत काहीतरी खुडबुड झाली म्हणून तिने मान वळवली. दसरूने आढ्याला खोचलेलं माप काढलं होतं. फडकं पसरून तो मडक्यातून तांदूळ काढत होता.

एक माप ओतलं. दुसरं. तिसरं. चौथं.

पाचवं त्याने भरलं. भरलेलं माप हातात धरून तो थोडा वेळ बसून राहिला. मग ते हळूच परत मडक्यात ओतलं, फडक्याला गाठ मारली, आणि पुरचुंडी खांद्याला लावून, तिच्याकडे न बघता, जंगलाच्या वाटेला लागला.